आल्प: शिखर नव्हे, कुरण

‘आल्प्स’ म्हटलं की आपल्यापुढे बर्फाची शिखरं येतात. स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन खोऱ्यातल्या गुराख्याला मात्र ‘आल्प’ म्हणजे उंचावरचं कुरण. उन्हाळ्यात गाई तिथे चढवायच्या, तिथेच चीज करायचं. वेंगर्नआल्प हे नाव त्यातलंच. ऑस्ट्रियात त्याचं ‘आल्म’ झालं. काहीजण लॅटिन ‘आल्बुस’शी, म्हणजे पांढऱ्याशी, नातं जोडतात. ऐकायला छान, पण अनेक भाषाशास्त्रज्ञांना मूळ रोमनांआधीचं वाटतं. कुरणांकडे जाणाऱ्या वाटांवर आता पिवळ्या पाट्या आहेत, त्यांवर किलोमीटर नव्हे, चालायचे तास लिहिलेले (शहाणपणाचंच!). गुराख्यांच्या झोपड्या जुन्याच. गिर्यारोहकांसाठी स्विस आल्पाइन क्लबने आपला पहिला निवारा स्थापनेच्याच वर्षी, १८६३ मध्ये, ट्योडी शिखराच्या वाटेवर बांधला.