कणगी आणि कोठार

इतिहास लिहिणारांची दृष्टि सहसा दगडावर ठरते. पन्हाळगडावरील गंगा, यमुना व सरस्वती हीं धान्यकोठारें पाहून प्रवासी थक्क होतो. बंगालच्या १७७० च्या दुष्काळानंतर कंपनी सरकारनें पाटण्यास गोलघर बांधलें, तें १७८६ सालीं पुरें झालें, हेंही नमूद असतें. परंतु सरकारी कोठारांत जाण्यापूर्वीं धान्य ज्या घरांत राहत असे, तेथील कणगीचा इतिहास कोणी लिहीत नाहीं. कारण उघड आहे. कणगीला वाळवी लागते, दगडाला लागत नाहीं.

ठाणें-कल्याणचा प्रांत भाताचा. देशावरचा कुणबी जमिनींत पेंव खणून त्यांत ज्वारी ठेवीत असे. पण जेथें मृगापासून हस्तापर्यंत पाऊस ठाण मांडून बसतो, तेथें पेंवांत धान्य नव्हे, पाणीच सांठावयाचें. म्हणून येथल्या माणसानें धान्य जमिनीवर उचलून धरलें. बांबूच्या कामट्यांची, पोटांत फुगीर अशी भली मोठी कणगी विणावयाची, ती शेणामातीनें लिंपावयाची, खालीं दगड किंवा लांकडें देऊन घरांत कोरड्या जागीं बसवावयाची, आणि भरली कीं तोंडही लिंपून टाकावयाचें. आंत ठेवावयाचें तें भात, तांदूळ नव्हे. तूस अंगावर आहे तोंवर दाण्यास कीड सहज शिवत नाहीं. लागेल तेवढेंच काढून घरच्या बाईनें उखळांत कांडावयाचें. ह्या कोठाराचें कुलूप दाण्याच्याच अंगावर होतें, असें म्हटलें तरी चालेल! मातीच्या रंगाची ती गोल, भरल्या पोटाची आकृति आम्हांस पन्हाळ्याच्या कमानींहून अधिक मनोहर वाटते. धान्याला कणसरी देवी मानणाऱ्या वारल्यांच्या घरांत तर ती नुसतें भांडें नव्हतीच.

परंतु ह्या सौंदर्याच्या भरांत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो: ती वर्षांतून किती महिने भरलेली असे? आषाढ-श्रावणांत, लावणीचें काम अंगावर असतांनाच, गरीब आदिवासी कुळाच्या कणगीचा तळ दिसूं लागे. मग सावकाराच्या कोठीवरून ‘खावटी’ उचलावयाची, आणि पीक येतांच खळ्यावर ती दिढीनें, म्हणजे मणाला दीड मण ह्या हिशेबानें, फेडावयाची. मागल्या सुगीला खंड म्हणून जें भात त्यानें स्वतः त्या कोठींत नेऊन ओतलें, तेंच हें भात. सावकार आणि जमीनदार पुष्कळदां एकच असे. सायमिंग्टन साहेबांच्या १९३९ सालच्या अहवालांत मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या कर्जाची व वेठीची हकीकत सरकारी कागदावरच आलेली आहे. १९४५ सालीं गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखालीं वारली वेठीविरुद्ध उठले, ते तेव्हांच्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत; त्यांतील पुष्कळसा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो. पुढें १९४८ चा कूळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरून कुळें मालक मानलीं गेलीं. कागदावरचें मालकपण प्रत्येकाच्या कणगीपर्यंत पोंचलें असें मात्र कोणीं समजूं नये.

दरम्यान आगगाडी आली होती: १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास, १ मे १८५४ रोजीं कल्याणास. भाताला बाजार जवळ आला, आणि जें घरांत राहावयाचें तें गोणींत भरून स्टेशनाकडे जाऊं लागलें. १९४३ सालीं मुंबईंत शिधावाटप सुरू झाल्यावर गोणी आणि सरकारी गुदाम ह्यांचेंच राज्य झालें. डोंबिवलीच्या आसपासचीं भातशेतें तर पुढें इमारतींखालीं गेलीं. जेथें शेतच नाहीं तेथें कणगीनें काय करावें?

मुरबाड-शहापुराकडील एखाद्या जुन्या घरांत ती अजून आढळते, शेजारीं प्लास्टिकचें पिंप घेऊन. शहराकडे एखाद्या उपाहारगृहाच्या दारांत शोभेसाठीं नवी कोरी कणगी मांडलेली असते. ती लिंपलेली नसते. तींत भात ओतलें तर कामट्यांच्या फटींतून गळून जाईल.