बियांची पिशवी आणि खरी कमाई

२००६ च्या पावसाळ्यात संगमनेर तालुक्यातल्या बोडक्या डोंगरांवर माणसं हाताने बिया टोचत होती. शाळा-महाविद्यालयांची मुलं, त्यांचे गुरुजी, सहकारी संस्थांमधले कर्मचारी आणि गावकरी, सगळे त्यात होते. मोहिमेचं नाव दंडकारण्य अभियान. ती सुरू करणारे भाऊसाहेब थोरात तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. जोर्वे गावचे हे गृहस्थ स्वातंत्र्यसैनिक होते, नंतर संगमनेरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले अग्रणी झाले. एवढ्या वयात माणूस घरी बसून आठवणी सांगतो. भाऊसाहेबांनी तालुक्याला बिया वेचायला लावलं. पहिल्याच वर्षी साडेचार कोटींच्या आसपास बिया पेरल्याची नोंद अभियानाने केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमापर्यंत संगमनेरचं नाव पोहोचलं.

या गोष्टीचं कौतुक बहुतेक वेळा झाडांच्या हिशोबात होतं. तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहता येतं. लहान मुलाला दुसऱ्याविषयी कळवळा कसा शिकवायचा, हा प्रश्न महाराष्ट्राने गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या पद्धतींनी सोडवून पाहिला आहे. गोष्टी सांगून पाहिलं, वसतिगृहं काढून पाहिलं, गणवेश घालून पाहिलं, गुणपत्रिकेत रकाना आखूनही पाहिलं. पोराच्या हातात बियांची पिशवी देऊन त्याला डोंगरावर नेणं ही त्याच मालिकेतली अलीकडची पायरी. काही पद्धती रुजल्या, काही वाळून गेल्या, आणि कोणती का वाळली हे शोधणं फारसं अवघड नाही.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. १९२४ ते १९३० या काळात तिथल्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने नावाचे शिक्षक होते. छात्रालयही त्यांच्याकडे सोपवलेलं. मुलं शाळेत गेली की हे गृहस्थ त्यांच्या खोल्या झाडत, अंथरुणं नीट घालत, मळके कपडे धुऊन वाळत घालत. त्याबद्दल बोलत मात्र नसत. परत आलेल्या मुलांना खोली लख्ख दिसे, आणि हे कोणी केलं ते कळल्यावर त्यांना लाज वाटे. मग हळूहळू मुलंच झाडू उचलू लागली. पुढे साने गुरुजी म्हणून महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं ते ‘श्यामची आई’मुळे. ते पुस्तक त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण त्यांच्या शिकवण्याची खरी रीत पुस्तकाच्या आधीच छात्रालयाच्या धुण्यात ठरून गेली होती. मोठ्या माणसाने आधी स्वतः वाकायचं आणि उपदेशाचा शब्द काढायचा नाही, अशी ती रीत.

त्याच सुमारास साताऱ्यात भाऊराव पाटील वेगळ्या वाटेने तिथेच येत होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, शेतात राबत. धान्य आसपासच्या घरांतून येई, बायका दळणाच्या वेळी मूठभर बाजूला काढत. मुष्टिफंड म्हणतात तो हाच. ज्या मुलाने दुसऱ्या जातीच्या मुलाच्या हातची भाकरी रोज खाल्ली, त्याला माणुसकीचा वेगळा तास लागत नसे. पुढे नगर जिल्ह्यात रयतच्या शाळांचं जाळं पसरलं आणि ही हवा संगमनेरला, प्रवरा नदीच्या खोऱ्यातही आली.

जातीचा मुद्दा इथे टाळता येणार नाही. दयेची शिकवण देणाऱ्या आपल्या बहुतेक परंपरांमध्ये एक अदृश्य कुंपण असे. आतल्यांसाठी माया, बाहेरच्यांसाठी फार तर भीक. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते या कुंपणावर. त्याआधी काही महिने त्यांनी याच प्रश्नावर महाराष्ट्रभर दौरा केला होता, आणि त्यात राष्ट्र सेवा दलाची तरुण मुलं त्यांच्याबरोबर होती.

या सेवादलाची स्थापना ४ जून १९४१ ला पुण्यात झाली. एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख. संध्याकाळी मैदानावर शाखा, खेळ, समूहगीतं, मग चर्चा. आणि मुलं-मुली एकत्र, ही त्या काळी मोठीच गोष्ट. स्वातंत्र्यानंतर दलाची सेवापथकं खेड्यांत जाऊन रस्ते, विहिरी, बांध यांवर श्रमदान करू लागली. शहरातल्या पोरांच्या हाताला पहिल्या दिवशी फोड येत, दुसऱ्या दिवशी गावातला एखादा म्हातारा कुदळ कशी धरायची ते दाखवी. उपकार नेमके कोण कोणावर करतंय, हा हिशोब तिथेच गडबडून जाई. अशा कामाचा सगळ्यात मोठा फायदा हाच असावा.

गुरुजी जून १९५० मध्ये गेले. त्यांच्या पश्चात प्रकाश मोहाडीकरांनी मुंबईत १९५१ मध्ये साने गुरुजी कथामाला सुरू केली. ही चळवळ खास लहानांसाठी. आठवड्यातून एकदा शाळेत, वाड्यात किंवा देवळाच्या ओसरीवर मुलांना जमवायचं आणि गोष्ट सांगायची. सांगणारे बहुतेक शिक्षक आणि गृहिणी, सगळे बिनपगारी. जिथे गोष्टीच्या जोडीला काही काम असे, आजाऱ्याला भेटणं, वस्तीची सफाई, पुस्तकं गोळा करून वाटणं, तिथे शाखा टिकल्या. नुसत्या गोष्टींचं पुढे कथाकथन स्पर्धेत रूपांतर झालं, आणि स्पर्धा आली की पहिल्या क्रमांकाचं दुखणंही आलं.

सरकारी शाळांची वाट आणखी वेगळी. तिथे सेवा आली ती स्काउटच्या गणवेशातून. ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एकत्रित संघटना ७ नोव्हेंबर १९५० ला अस्तित्वात आली. थोरल्या मुलांसाठी स्काउट, मुलींसाठी गाइड आणि अगदी धाकट्यांसाठी कब आणि बुलबुल. रोज निदान एक सत्कृत्य करायचं, हा नियम. मराठी शाळांत सगळ्यात लक्षात राहिली ती ‘खरी कमाई’. इंग्लंडच्या स्काउटांनी १९४९ मध्ये शेजाऱ्यांची कामं करून शिलिंग मिळवण्याचा आठवडा सुरू केला होता, त्याच जातकुळीची ही कल्पना. वर्षातून काही दिवस मुलांनी घरोघरी, दुकानोदुकानी जायचं, बूट पॉलिश करायचे, सायकली पुसायच्या, दळण आणून द्यायचं, आणि मिळालेला पैसा पथकाला द्यायचा. सुखवस्तू घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या चपलेला ब्रश लावणं यात केवढा तरी धडा होता. संगमनेरसारख्या विडीकामगारांच्या, विणकरांच्या गावात तर कष्ट म्हणजे काय ते निम्म्या वर्गाला घरीच ठाऊक असे. धडा उरलेल्या निम्म्यांसाठी.

पण खरी कमाई लवकरच बिघडली. कार्डावर रक्कम लिहायची असे, मग बाबाच दहाची नोट देऊन मोकळे होऊ लागले. ध्वजदिनाच्या तिकिटांचंही तेच झालं. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. शाळेला तिकिटांचा कोटा येई, वर्गशिक्षक तो वाटून देत, आणि जवानांविषयीची भावना घरून आणायच्या पैशांत मोजली जाई.

गुणपत्रिकेतल्या रकान्याची, म्हणजे कार्यानुभवाची, कहाणी जरा करुणही आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तेव्हा हातकाम हा शिक्षणाचा कणा व्हायचा होता. कोठारी आयोगाने (१९६४–६६) त्याचा कार्यानुभव केला, ईश्वरभाई पटेल समितीने १९७७ मध्ये त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. नावं लांबत गेली, काम आटत गेलं. मराठी शाळांतून शिकलेल्या पिढीला कार्यानुभव म्हटलं की क्रेपची फुलं आणि भरतकामाचा रुमाल आठवतो, तोही बहुधा आईने रात्री पुरा केलेला. समाजाला त्या रुमालाचा उपयोग काय झाला, कोणी विचारलं नाही.

महाविद्यालयांत चित्र थोडं बरं होतं. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांत सुरू झाली. संगमनेरला महाविद्यालय आलं १९६१ मध्ये, त्यामुळे तालुक्यातल्या खेड्यांना हिवाळी शिबिरांची ओळख झाली. १९७२ च्या दुष्काळाने या भागाला असं भाजून काढलं की खडी फोडणं हे शिबिरातलं काम नव्हे, घराघरातलं काम झालं. त्या अनुभवातून नगर जिल्ह्यात काही वेगळ्या गोष्टी उगवल्या. राळेगणसिद्धीत श्रमदानाने गाव बदललं आणि तिथे नापास मुलांची निवासी शाळा निघाली. इतरांनी नाकारलेल्या पोरांना आधी जागा, हे त्या शाळेचं तत्त्व. दया शिकवण्याआधी ती मुलांच्या वाट्याला यावी लागते, हे त्या शाळेने फार भाषण न करता दाखवलं.

संगमनेर शहरात १९८६ मध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. बेलापूरचे किशोरजी व्यास, म्हणजे आजचे स्वामी गोविंददेव गिरी, यांनी गीता परिवाराची स्थापना केली. गल्लीतली बालसंस्कार केंद्रं, सुट्टीतली शिबिरं, खेळ, योगासनं, गोष्टी आणि गीतेचं पाठांतर. चालवणारे बहुतेक स्वयंसेवक. २०२० च्या टाळेबंदीत परिवाराने गीतेचे ऑनलाइन वर्ग काढले आणि संगमनेरात मूळ असलेलं काम देशाबाहेरच्या मराठी-हिंदी घरांतही शिरलं. सेवादलाची माणसं आणि ही माणसं एकमेकांच्या मांडवात सहसा दिसत नाहीत. एका गटाची भाषा समतेची, दुसऱ्याची संस्काराची. वेळ देणारा प्रौढ मात्र दोन्हीकडे फुकट येतो, आणि लहान मूल हे बरोबर हेरतं. संस्कार केंद्रांना विचारायचा प्रश्न तोच जुना, पंढरपूरचा: मुलांच्या घोळक्यात कोणत्या वस्तीतली मुलं आहेत?

आता पुन्हा डोंगराकडे. संगमनेर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. पश्चिमेला अकोले तालुक्याचा भाग पावसात बुडालेला असतो आणि संगमनेरचा पठार भाग टँकरची वाट पाहतो. म्हणून इथे झाड लावणं हे हौसेचं काम कधीच नव्हतं. दंडकारण्याच्या दहा वर्षं आधी, १९९६ पासून, तालुक्यातल्या दरेवाडीत फादर हर्मन बाखर यांच्या ‘वॉटर’ संस्थेबरोबर गावकऱ्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं होतं. चर खणणं, बांध घालणं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. चराईबंदी म्हणजे शेळ्या राखणाऱ्या घराने आपला आजचा घास शेजाऱ्याच्या उद्याच्या पाण्यासाठी सोडणं. ते सहज झालं नाही आणि फुकटही झालं नाही.

बी टोचण्यात मुलाला जे मिळतं ते पुस्तकात सापडायचं नाही. लिंबोळी जून-जुलैत पिकते आणि तिचं बी काही आठवड्यांत निकामी होतं, म्हणजे वेचलं की लगेच पेरायला हवं. चिंचोका वर्षभर डब्यात राहिला तरी चालतो. बाभळीचं बी शेळीच्या पोटातून गेलं की लवकर रुजतं, त्यामुळे शहाणा शेतकरी ते गोठ्यातल्या लेंड्यांतून गोळा करतो. हे सांगायला गुरुजींपेक्षा गावातली आजी जास्त उपयोगी, आणि बिया गोळा करायच्या निमित्ताने पोरं तिच्या ओसरीवर येऊन बसतात. शिवाय टोचलेल्या बियांपैकी बहुसंख्य मरतात. मुंग्या नेतात, शेळ्या खातात, पाऊस दडी मारतो. जगलेल्या झाडाखाली जो कोणी बसेल तो कदाचित अजून जन्मलेलाही नाही. तो आभार मानायला यायचा नाही. खऱ्या कमाईत निदान दुकानदार पाठ थोपटत असे.

केनियात वंगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली तेव्हा गावच्या बायकांना त्यांनी हाच उद्योग दिला होता, बी गोळा करा, रोप करा, जगवा. तिथे जगलेल्या रोपामागे बायकांना थोडे पैसे मिळत. संगमनेरात पैसे नव्हते. गावाचा दबाव होता, थोरातांचा शब्द होता, कारखाना आणि शिक्षणसंस्थांची यंत्रणा होती. स्वयंस्फूर्ती किती आणि वरून आलेला निरोप किती, हे मोजणं कठीण. सहकाराच्या पट्ट्यात हा प्रश्न प्रत्येक चळवळीला चिकटलेला असतो. तरी ब्याऐंशीचा म्हातारा मोहिमेच्या पुढे आहे, हे पोरांनी पाहिलं होतं.

भाऊसाहेब मार्च २०१० मध्ये गेले. अभियान पुढेही चालू राहिलं. दरम्यान सरकारलाही झाडांची गोडी लागली. १ जुलै २०१६ ला राज्याने एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी. शाळांना उद्दिष्टं आली, खड्ड्यांचे फोटो पाठवायचे हुकूम आले. शिक्षकांना ध्वजदिनाचा कोटा आठवला असेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले, आणि २०२४ पासून महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी आनंददायी शनिवार आला. कागदावर जागा आहे: खेळ, गोष्ट, गावात फेरी, आजी-आजोबांची भेट. पठार भागातल्या दोनशिक्षकी शाळेत त्या शनिवारी एक गुरुजी पोषण आहाराची नोंद करत असतात आणि दुसरे ऑनलाइन माहिती भरत. मुलं पटांगणात वाट पाहत असतात. गावातलं कोणी आलं, कुंभार, परिचारिका, निवृत्त तलाठी, विड्या वळणारी एखादी मावशी, तर तास होतो.