जुन्या मारुती ८००चा गंज घरच्या घरी कसा काढतात?

डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८००चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. आता जुन्या गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हे, तर गंज.

संग्रामपुरात जास्त काळजी का?
पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारट असते. क्षारांमुळे लोखंड झपाट्याने गंजते. म्हणून गाडी धुताना किंवा पत्रा घासताना बोअरचे खारे पाणी टाळावे. गोडे पाणी वापरून पत्रा लगेच कोरडा करावा.

गंज कुठे शोधायचा?
मॅटखालचा तळ, दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे आत लांबी भरलेली असू शकते.

काम कसे करायचे?
वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढतात. उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्ल असलेले द्रावण लावतात. त्याने गंजाचे लोह फॉस्फेट होते. मग इपॉक्सी प्रायमर, शेवटी रंग. भोक पडले असेल तर कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागतो. नुसती लांबी भरली तर गंज आतून वाढतच राहतो.

सुरक्षितता
फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, स्टँड लावावेत. पेट्रोल टाकीजवळचे वेल्डिंग कारागिराकडूनच करून घ्यावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कागदपत्रे
खासगी कारची नोंदणी १५ वर्षांनी संपते. नंतर तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. रंग बदलल्यास आरटीओत नोंद करावी. घासताना चेसिस क्रमांक मात्र पुसू देऊ नये.