तळघरातून वर आलेला लेखक

एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराविषयी जे लिहिले जाते त्यातील बहुतेक त्याच्या भाकितांविषयी असते. त्याने रणगाडा आधी पाहिला, १९१४ साली अणुबाँब हा शब्द कादंबरीत वापरला, इत्यादी. विज्ञानकथेचा जनक म्हणून त्याचे तैलचित्र एकदा भिंतीवर टांगले की अभ्यासकाचे काम संपते. पण वेल्स कोठे उभा राहून पाहत होता, आणि त्याचे वाचक कोण होते, हे प्रश्न आपल्यासारख्यांना अधिक जवळचे आहेत.

वेल्सचा जन्म १८६६ साली लंडनजवळच्या ब्रॉम्ले गावी झाला. बाप पूर्वी माळीकाम करणारा; पुढे चिनी मातीच्या भांड्यांचे न चालणारे दुकान आणि क्रिकेट खेळून मिळणारे थोडे पैसे यांवर घर चालवणारा. आई लग्नाआधी ससेक्समधील अपपार्क या जमीनदारी वाड्यात मालकिणीची दासी होती. १८७७ साली बापाचा पाय मोडला, खेळ संपला, आणि १८८० साली आई त्याच वाड्यात पुन्हा नोकरीला गेली, या वेळी हाऊसकीपर म्हणून. या वाड्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. स्वयंपाकघर आणि तबेले मुख्य इमारतीपासून दूर ठेवलेले होते, आणि त्यांना वाड्याशी जोडणारी भुयारे होती. नोकरांनी जमिनीखालून यावे, जमिनीखालून जावे, वरच्या हिरवळीवर त्यांची सावलीही दिसू नये अशी ती व्यवस्था. (सावली हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. इंग्रजांकडे विटाळ नव्हता. नजरेआड ठेवण्याची कला मात्र होती.) आईची खोली खालच्या मजल्यावर होती. मुलगा सुट्टीत तेथे येई आणि वर ग्रंथ वाचायला मिळाले की अधाशासारखा वाचीत बसे. प्लेटोचे ‘रिपब्लिक’ आणि स्विफ्टचा ‘गलिव्हर’ त्याला तेथेच भेटले.

आईची महत्त्वाकांक्षा एवढीच की पोराने कापडाच्या दुकानात उमेदवारी करून बस्तान बसवावे. साउथसी येथील दुकानात त्याने सुमारे दोन वर्षे रोज तेरा तेरा तास काढले. काम दुकानात, जेवण दुकानात, झोपणेही दुकानाच्याच सामायिक खोलीत. १८८३ साली एका रविवारी तो सतरा मैल चालत आईकडे गेला आणि परत जाणार नाही म्हणून सांगितले. मग शाळेत विद्यार्थी-शिक्षक, आणि १८८४ साली आठवड्याला एक गिनीची शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्समध्ये. तेथे पहिल्या वर्षी जीवशास्त्राला टी. एच. हक्सले होता. घराण्यातला पहिला शिकलेला माणूस शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या पैशांत महानगरात कसा जगतो, याचे वर्णन माझ्या वाचकांसाठी करण्याची गरज नाही.

त्याचे वाचकही असेच होते. १८७० च्या शिक्षण कायद्याने इंग्लंडमध्ये सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा पाया घातला, १८८० मध्ये शाळा सक्तीची झाली, १८९१ मध्ये बहुतेक ठिकाणी फी गेली. त्या शाळांतून बाहेर पडलेले कारकून, दुकानातील नोकर, प्राथमिक शिक्षक हा एक नवाच वाचकवर्ग होता. त्याला ग्रीक-लॅटिन येत नव्हते, पण उत्क्रांती म्हणजे काय, तारे विझतात का, हे जाणून घ्यायचे होते. स्वस्त मासिके त्याच्यासाठीच निघाली. ‘वॉर ऑफ द वर्ल्डस्’ ही कादंबरी १८९७ साली ‘पिअर्सन्स मॅगझिन’मधून क्रमशः आली. तिच्या आरंभी मंगळवासीयांच्या क्रौर्याविषयी बोलताना वेल्स वाचकाला आठवण देतो ती युरोपियनांनी संपवलेल्या टास्मानियनांची. साम्राज्याच्या ऐन भरात हे लिहिणे सोपे नव्हते.

पण खरी कसोटी १८९५ च्या ‘टाइम मशीन’ या पहिल्या कादंबरीची. एक शास्त्रज्ञ कालयंत्रावर बसून सन ८०२७०१ मध्ये पोचतो. वर बागेसारख्या पृथ्वीवर ईलॉय राहतात: नाजूक, सुंदर, निरुद्योगी. त्यांच्यातील वीना नदीत बुडू लागते तेव्हा तिला वाचवण्याइतकीही हालचाल कोणी करीत नाही. जमिनीखाली, विहिरींसारख्या झरोक्यांच्या तळाशी, मोरलॉक राहतात आणि यंत्रे चालवतात. प्रवासी कारण शोधतो: मालक वर, मजूर खाली, ही विभागणी हजारो वर्षे चालली आणि एका मानवजातीच्या दोन जाती झाल्या. लंडनच्या पूर्व भागातील कामगार आजच पृथ्वीच्या नैसर्गिक पृष्ठभागापासून जवळजवळ तुटलेला आहे, असेही तो सांगतो. अपपार्कची भुयारे येथे जगाएवढी झाली आहेत. विषमता माणसाच्या शरीरापर्यंत जाते, हे इतक्या स्पष्टपणे त्याआधीच्या इंग्रजी कादंबरीने क्वचितच मांडले असेल.

मात्र मोरलॉक ईलॉयांचे मांस खातात. खालची माणसे पांढुरकी, ओंगळ, कोळ्यासारखी सरपटणारी. ज्याची आई वाड्याच्या खालच्या मजल्यावर कारभार पाहत होती, त्याने खालच्या माणसाचे चित्र असे का काढावे?

याचे उत्तर कथा कोठे सांगितली जाते यात आहे. ती रिचमंडच्या एका सुखवस्तू घरात, जेवणाच्या वेळी, डॉक्टर, संपादक, मानसशास्त्रज्ञ अशा पाहुण्यांना सांगितली जाते. त्या घरातही एक हाऊसकीपर आहे, मिसेस वॉचेट. यंत्र सुरू होताच ती खोलीतून बाणासारखी सुटलेली दिसते. परतताना उलटी चालताना दिसते. एक शब्दही ती बोलत नाही. प्रवासी मोरलॉकांना एकदाच हाक मारतो, तीही ईलॉयांच्या म्हणजे वरच्या लोकांच्या भाषेत; त्यांना ती कळत नाही, आणि संवाद तेथेच संपतो. मग उरतो तो त्याच्या हातातील लोखंडी दांडा. ईलॉयांची भाषा शिकायला मात्र त्याला वेळ मिळालेला असतो.

माझ्या वर्गात ही कादंबरी शिकवताना मी मुलांना एक जागा पुन्हा वाचायला लावतो. मोरलॉकांनी पळवलेले यंत्र प्रवाशाला परत मिळते तेव्हा ते साफ केलेले असते, त्याला तेल घातलेले असते. त्यांनी ते खोलून समजून घेण्याचाही प्रयत्न केला असावा, असा त्याला संशय येतो. ईलॉयांपैकी कोणाला त्या यंत्राचे असे कुतूहल वाटल्याचे पुस्तकात कोठेही नाही. म्हणजे जिज्ञासा, हस्तकौशल्य, श्रम या ज्या गुणांच्या बळावर वेल्स स्वतः वर आला, ते सारे त्याने नकळत तळघरातच ठेवले आहेत. पण प्रवाशाला ती बुद्धी मंद वाटते आणि त्याची माया वीनाकडेच जाते. मला यात लेखकाची लबाडी दिसत नाही, भीती दिसते. नुकताच जिना चढलेल्या माणसाला खालून येणारा हात सर्वात जास्त दचकवतो.

१८९६ च्या ‘डॉक्टर मोरो’मध्ये हे अधिक काळवंडते. तेथे एक शस्त्रवैद्य जनावरे कापून माणसे घडवतो आणि ती झोपड्यांच्या अंधारात बसून ‘कायदा’ घोकतात: चार पायांवर चालू नये, चोखून पाणी पिऊ नये. मोडणाऱ्याला वेदनागृह. ज्यांना घडवले त्यांच्यावरच नियम, आणि ते पाठ करून घेणारा त्यांच्यातलाच एक. आमच्या स्मृतिकारांना ही योजना परकी वाटली नसती.

पुढे भीतीने सिद्धान्ताचे रूप घेतले. १९०१ च्या ‘अँटिसिपेशन्स’मध्ये, नव्या जगाच्या कार्यक्षमतेला न पुरणाऱ्या काळ्या, तपकिरी, पिवळ्या लोकांना नाहीसे व्हावे लागेल, असे त्याने थंडपणे लिहिले. हे पान झाकून ठेवणारे वेल्सभक्त त्याची सेवा करीत नाहीत. तो तेथे थांबला नाही हेही खरे. १९०५ च्या ‘मॉडर्न यूटोपिया’त त्याने वंशश्रेष्ठत्वाची खिल्ली उडवली, १९०६ साली अमेरिकेवरच्या पुस्तकात निग्रोंच्या दुःखावर प्रकरण लिहिले. पण त्याच यूटोपियात माणसांचे चार वर्ग आहेत: सर्जक, कर्तबगार, मंद आणि हीन. जन्माने नव्हे, वृत्तीने, असा खुलासा तो करतो. गुणकर्मावरून चातुर्वर्ण्य सांगणाऱ्यांकडून हा खुलासा आपण पुष्कळ ऐकला आहे. १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी प्लेटोच्या वर्गांना जे उत्तर दिले, की प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे, त्याला मोजक्या कप्प्यांत कोंबता येत नाही, ते अपपार्कच्या ग्रंथसंग्रहात प्लेटो वाचलेल्या या मुलालाही लागू पडते.

गंमत अशी की त्याच १९०५ साली त्याची ‘किप्स’ ही कादंबरी आली. नायक कापडाच्या दुकानातला उमेदवार. त्याचे अशुद्ध उच्चार वेल्सने जसेच्या तसे कागदावर उतरवले. कोठे कोठे तो त्यांना हसतोही, आणि ते मला खटकते. पण येथे खालचा माणूस निदान बोलतो, चुकतो, लाजतो, चिडतो. अचानक आलेला वारसा, थोरामोठ्यांच्या जेवणावळी, चुकीचा काटा हाती आल्याची धास्ती, सगळे पार करून किप्स मोलकरणीचे काम केलेल्या अ‍ॅनशी लग्न करतो आणि शेवटी समुद्रकाठच्या गावात एक छोटेसे पुस्तकांचे दुकान चालवतो.