त्रिमितीय पात्र-ॲनिमेशनचे ऑनलाइन शिक्षण

संगणकावर एखाद्या पात्राचे त्रिमितीय रूप घडवणे, त्यात हलवता येईल असा सांगाडा बसवणे आणि त्या पात्राकडून अभिनय करवून घेणे ही तीन कौशल्ये इंटरनेटद्वारे शिकण्या-शिकवण्याच्या पद्धतीला त्रिमितीय पात्र-ॲनिमेशनचे ऑनलाइन शिक्षण म्हणतात. या तीन टप्प्यांना अनुक्रमे मॉडेलिंग, रिगिंग आणि ॲनिमेशन अशी नावे रूढ आहेत. अमेरिकेत २००५ साली सुरू झालेली ॲनिमेशन मेंटॉर ही या क्षेत्रातील सुरुवातीच्या प्रभावी शाळांपैकी एक होय. सॉफ्टवेअरमधील आज्ञा ध्वनिचित्रफितीवरून शिकता येतात. हालचालीतील दोष मात्र बहुधा दुसऱ्या, अनुभवी डोळ्यालाच दिसतात. त्यामुळे ही तपासणी दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचवायची, हा या शिक्षणपद्धतीपुढील मुख्य प्रश्न राहिला आहे.

पार्श्वभूमी

ॲनिमेशनची कला दीर्घकाळ गुरूजवळ बसूनच शिकली जात असे. डिस्ने स्टुडिओत १९३२ पासून डॉन ग्रॅहॅम यांचे रेखाटनाचे वर्ग भरत आणि नवशिके चित्रकार ज्येष्ठांच्या हाताखाली अधली-मधली चित्रे काढत तयार होत. भारतातही सुरुवात अशीच झाली. मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात १९५६ साली डिस्नेचे माजी ॲनिमेटर क्लेअर वीक्स प्रशिक्षणासाठी आले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन हे त्यांच्या हाताखाली शिकले.

ही मौखिक विद्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये पुस्तकरूपात आणली. त्यातील बारा तत्त्वे आजही बहुतेक अभ्यासक्रमांचा पाया आहेत. दाब आणि ताण, पूर्वसूचना, कृतीची वक्ररेषा, वेळेचे गणित ही त्यांतील काही. संगणकावरील त्रिमितीय ॲनिमेशनलाही ही तत्त्वे लागू पडतात, हे जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या सिग्राफ परिषदेतील शोधनिबंधात मांडले. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'नंतर या कौशल्याची मागणी झपाट्याने वाढली. पण ते शिकवू शकणारे लोक मोजक्या स्टुडिओंमध्ये होते आणि त्यांतील बरेच स्टुडिओ कॅलिफोर्नियात होते. दुसऱ्या शहरातील किंवा देशातील विद्यार्थ्याला पुस्तक मिळे, कधी सॉफ्टवेअरही मिळे, परंतु त्याचे काम पाहून 'इथे वजन जाणवत नाही' असे सांगणारा माणूस मिळत नसे.

ऑनलाइन शाळांचा उदय

ॲनिमेशन मेंटॉर ही शाळा बॉबी बेक, शॉन केली आणि कार्लोस बाएना या तिघा ॲनिमेटरांनी स्थापन केली. त्यांचा अनुभव पिक्सार आणि इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओंमधील होता. सुमारे दीड वर्षाच्या, सहा सत्रांच्या मूळ अभ्यासक्रमात मॉडेलिंग आणि रिगिंग जवळजवळ वगळलेले होते. विद्यार्थ्याला तयार पात्रे दिली जात आणि पहिल्या दिवसापासून तो फक्त हालचाल शिके. आधी उसळणारा चेंडू, मग शेपूट जोडलेला चेंडू, मग दोन पायांवर चालणारा चेंडू, त्यानंतर संपूर्ण शरीर आणि शेवटी संवाद बोलणारे पात्र, असा तो क्रम होता.

दर आठवड्याला विद्यार्थी आपले काम पाठवी. स्टुडिओत नोकरी करणारा मार्गदर्शक ते चौकटीगणिक पाहून, त्यावर रेघा ओढून, स्वतःच्या आवाजात टिप्पणी ध्वनिमुद्रित करून परत पाठवी. याखेरीज आठवड्यातून एकदा थेट भेटीचा तास असे. मुद्रित टिप्पणीचा एक फायदा वर्गातल्या शेऱ्यालाही नव्हता: ती पुन्हा पुन्हा पाहता येत असे आणि इतरांच्या कामावरील टिप्पण्याही पाहता येत. दुसऱ्याच्या चुकीवरून शिकणे हे स्वतःच्या चुकीवरून शिकण्यापेक्षा पुष्कळदा सोपे असते.

पुढील काळात अशा अनेक शाळा निघाल्या. जेसन रायन यांच्या आय-ॲनिमेटने ॲनिमेशनवर भर दिला, तर ॲनिमस्कूलने मॉडेलिंग, रिगिंग आणि ॲनिमेशन या तिन्ही शाखा शिकवायला घेतल्या. ॲनिमस्कूलचे 'माल्कम' हे विनामूल्य पात्र जगभरातील विद्यार्थ्यांच्या कामात ओळखीचे झाले. पिक्सार आणि खान अकॅडमी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला 'पिक्सार इन अ बॉक्स' हा मोफत उपक्रम शालेय गणित आणि ॲनिमेशन यांची सांगड घालतो.

मॉडेलिंग

पात्राचा पृष्ठभाग लहान बहुभुजांच्या जाळीने बनतो. स्थिर चित्रासाठी ही जाळी कशीही असली तरी निभते, हलणाऱ्या पात्रासाठी निभत नाही. कोपर, गुडघा, खांदा, ओठ आणि पापणी येथे कडांची वलये त्या अवयवाच्या हालचालीला अनुसरून फिरावी लागतात; अन्यथा सांधा वाकताच पृष्ठभाग चुरगळतो. जाळी शक्यतो चौकोनांची ठेवण्याचा आग्रह धरला जातो, कारण एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या उपविभाजन पद्धतीत चौकोनी जाळीतून सर्वांत नितळ पृष्ठभाग मिळतो. पिक्सारच्या 'गेरीज गेम' या १९९७ च्या लघुपटात मानवी पात्रासाठी हीच पद्धत वापरली गेली.

हल्ली झेडब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आधी मातीप्रमाणे शिल्प घडवून नंतर त्यावर नवी, सुटसुटीत जाळी विणली जाते. इंटरनेटवर शिल्पकामाच्या वेगवान चित्रफिती विपुल आहेत. जाळी विणण्याच्या कंटाळवाण्या कामाच्या त्या मानाने कमी. परिणामी नवशिक्याकडे देखणा पण डोळे मिटू न शकणारा चेहरा तयार होतो.

रिगिंग

रिगिंग म्हणजे तयार पुतळ्याची कळसूत्री बाहुली करणे. मॉडेलच्या आत हाडे आणि सांधे यांची उतरंड रचली जाते. नंतर पृष्ठभागावरील प्रत्येक बिंदूवर कोणत्या हाडाचा किती प्रभाव असावा हे ठरवले जाते. या क्रियेला स्किनिंग म्हणतात. शेवटी ॲनिमेटरच्या हाती येणारे नियंत्रक बसवले जातात. ॲनिमेटर हाडांना हात लावत नाही. तो केवळ हे नियंत्रक हलवतो.

हात-पाय हलवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत खांदा, कोपर, मनगट असे एकेक सांधे क्रमाने फिरवले जातात. तिला फॉरवर्ड कायनेमॅटिक्स म्हणतात. दुसरीत मनगटाची किंवा घोट्याची जागा ठरवली की मधल्या सांध्याचे कोन संगणक काढतो. तिला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. चालताना पाऊल जमिनीवर घट्ट टेकलेले राहायला हवे, म्हणून पायांसाठी दुसरी रीत सोयीची. मोकळ्या झुलणाऱ्या हातांसाठी पहिली. चांगल्या रिगमध्ये एकीवरून दुसरीवर जाण्याची सोय असते. गुडघा कोणत्या दिशेला वाकावा हे सांगणारा स्वतंत्र नियंत्रकही लागतो, नाहीतर चालता चालता तो आत-बाहेर फेंगडतो.

रिगिंगचे शिक्षण दुरून देणे तिन्हींत अवघड आहे. चित्रफितीतील पायऱ्या जशाच्या तशा गिरवूनही विद्यार्थ्याचा रिग मोडतो, कारण त्याचे मॉडेल शिक्षकाच्या मॉडेलपेक्षा वेगळे असते. सांध्याच्या अक्षाची दिशा चुकलेली असणे किंवा मॉडेलचे आकारमान आधी स्थिर न केलेले असणे अशा चुका सुरुवातीला दिसतच नाहीत. मनगट पूर्ण फिरवल्यावर पुढचा हात गोळीच्या वेष्टनासारखा पिळवटतो, तेव्हा त्या उघड होतात. सरळ मिश्रणाच्या स्किनिंगमध्ये हा पीळ अटळच असतो आणि तो टाळण्यासाठी कोपर व मनगट यांच्यामध्ये पीळ वाटून घेणारी जादा हाडे घालावी लागतात. अशा वेळी पडद्याचे चित्र पाठवून भागत नाही. शिक्षकाला मूळ फाइल उघडून पाहावी लागते. म्हणूनच चांगल्या रिगिंग वर्गांत विद्यार्थ्याने प्रत्येक टप्प्याची फाइल निराळी जपून ठेवावी असा दंडक असतो.

साधा द्विपाद सांगाडा आता आपोआपही बसवता येतो. ॲडोबीने २०१५ मध्ये विकत घेतलेली मिक्सामो ही सेवा आणि ब्लेंडरमधील रिगिफाय ही त्याची परिचित उदाहरणे. काम त्वरित होते. परंतु बिघाड झाल्यावर तो शोधण्याचे ज्ञान त्यातून मिळत नाही. ब्लेंडरच्या लघुपटांसाठी रिग घडवणारे नेथन वेग्डाल यांची 'ह्यूमेन रिगिंग' ही पाठमाला उलट मार्गाने जाते: कोणती कळ दाबावी यापेक्षा रिग वापरणाऱ्या ॲनिमेटरला काय सुखाचे होईल, येथून ती सुरू होते.

ॲनिमेशन

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात आणि साधारण चालीत एक पाऊल सुमारे १२ चौकटींचे धरले जाते. विद्यार्थी प्रथम मोजक्या ठळक मुद्रा ठरवतो. या टप्प्याला ब्लॉकिंग म्हणतात. त्यात पात्र एका मुद्रेतून दुसरीत थेट उडी घेते. नंतर संगणकाला मधल्या चौकटी भरू दिल्या जातात आणि येथेच बहुतेकांची निराशा होते. ठसठशीत मुद्रा गुळगुळीत होतात, पात्र पाण्यात तरंगल्यासारखे हलू लागते. आलेख-संपादकातील वक्ररेषा हाताने घडवून ही तरलता घालवावी लागते. ब्लॉकिंगमध्येच मधल्या मुद्रा पुरेशा दिल्या असतील तर हा त्रास बराच कमी होतो, म्हणून अनुभवी मार्गदर्शक काम पुढे जाण्याआधीच थांबवतात. उशिरा मिळालेली अचूक टिप्पणी बहुधा निरुपयोगी ठरते.

अभिनयाच्या पाठात विद्यार्थ्याने स्वतः प्रसंग करून त्याचे चित्रण करावे अशी अपेक्षा असते. ओठांच्या हालचालीपेक्षा डोळे आणि श्वास यांना आधी महत्त्व दिले जाते. सुमारे अकरा सेकंदांच्या संवादावर पात्र बोलवण्याची 'इलेव्हन सेकंड क्लब' ही मासिक स्पर्धा अनेक वर्षे नवशिक्यांची तालीम ठरली. तिच्या विजेत्याला व्यावसायिक ॲनिमेटरकडून आपल्या कामाची सविस्तर तपासणी मिळे, आणि पुष्कळांना तेच खरे बक्षीस वाटे.

सॉफ्टवेअर आणि खर्च

स्टुडिओंमध्ये १९९८ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मायाचा वापर मोठा आहे. ऑटोडेस्क ते पात्र विद्यार्थ्यांना शैक्षणिक वापरासाठी विनाशुल्क देते. ब्लेंडर हे मात्र सर्वांसाठीच मुक्त आहे. नेदरलँड्समधील टॉन रोझेंडाल यांनी घडवलेल्या या सॉफ्टवेअरची कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकवर्गणीतून एक लाख युरो सात आठवड्यांत उभे राहिले आणि त्याचा मूळ संकेत मुक्त परवान्याखाली खुला झाला. 'एलिफंट्स ड्रीम' (२००६), 'बिग बक बनी' (२००८) आणि 'सिंटेल' (२०१०) या लघुपटांबरोबर त्यांच्या निर्मितीच्या फाइलीही प्रसिद्ध करण्यात आल्या. पूर्ण झालेल्या चित्रपटातील पात्राचा रिग उघडून पाहण्याची संधी त्यामुळे घरबसल्या मिळाली. ब्लेंडरमध्ये तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियन चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा हे साधन केवळ हौशी लोकांचे आहे हा समज बराच मागे पडला.

सॉफ्टवेअर स्वस्त झाले तरी तपासणी स्वस्त झाली नाही. अनुभवी माणसाचा वेळ विकत घ्यावा लागतो आणि नामांकित परदेशी शाळांचे शुल्क डॉलरमध्ये असते. ज्यांना ते परवडत नाही ते परस्परांचे काम तपासणारे छोटे गट करतात. अशा गटांत उत्साह असतो, मात्र सगळेच नवशिके असले तर सगळ्यांची चूक एकच असण्याचा संभव राहतो.

भारतातील विद्यार्थी

महाराष्ट्रात प्रत्यक्ष वर्गांची परंपरा आहे. मुंबईच्या ॲप्टेक कंपनीने १९९६ पासून चालवलेली अरेना ॲनिमेशनची केंद्रे अनेक शहरांत आहेत, तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये ॲनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. ऑनलाइन वर्ग बहुधा याला पूरक म्हणून किंवा नोकरी सांभाळून घेतले जातात. कॅलिफोर्नियातील संध्याकाळी सहाचा वर्ग भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आणि तेथील हिवाळ्यात साडेसातला भरतो. शिकवणी इंग्रजीत असते. वजन, तोल, लय या गोष्टींसाठी मराठीत नेमके शब्द असले तरी आज्ञावलीची भाषा इंग्रजी असल्याने मराठीतून देण्यात येणारे पाठही निम्मे इंग्रजी संज्ञांनीच भरलेले असतात.

शोरील

नोकरीसाठी प्रमाणपत्रापेक्षा शोरीलला अधिक महत्त्व आहे. निवडक कामांची ही चित्रफीत साधारण एक-दोन मिनिटांची असते. मॉडेल करणाऱ्याने त्यात जाळीची रचना दाखवावी, रिग करणाऱ्याने सांधे टोकापर्यंत वाकवून दाखवावेत आणि ॲनिमेटरने सर्वांत चांगले काम आधी ठेवावे, असे संकेत आहेत. गटात केलेल्या कामात स्वतःचा वाटा किती हे स्पष्ट लिहावे लागते. ऑनलाइन वर्गांतील विद्यार्थी तीच ती विनामूल्य पात्रे वापरत असल्याने निवड करणाऱ्यांपुढे एकच चेहरा वारंवार येतो. म्हणून काही मार्गदर्शक पात्राचे केस, कपडे आणि रंग बदलून घेण्यास सांगतात.