उद्योगाचे उत्तरदायित्व आणि कामगारांची निष्ठा

उद्योगाने समाजाचे देणे फेडावे, ही अपेक्षा कायद्याहून पुष्कळ जुनी आहे. या उत्तरदायित्वाने कामगारांची मनोवृत्ती कशी पालटते, याचा पहिला मोठा धडा आपल्या देशाला नागपूरने दिला.

जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांनी १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ होता. परंतु गिरणीच्या वेळेला बांधलेल्या जीवनाची कामगारांना सवय नव्हती. गैरहजेरी फार होती. दंड हा त्या काळचा रूढ उपाय. जमशेटजी व त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. नियमित कामगारांना बक्षिसे दिली, क्रीडास्पर्धा व कौटुंबिक मेळावे भरविले. गिरणीत हवा दमट ठेवणारी आणि आग विझविणारी यंत्रे बसविली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई दिली. भरपाईचा कायदा देशात आला तो १९२३ साली! म्हातारपणी व संकटात मालक आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही, ही खात्री पटल्यावर कामगार गिरणीला आपली मानू लागला. हजेरी सुधारली, कामात स्थैर्य आले.

तथापि, केवळ सोयींनी निष्ठा टिकत नाही, हेही इतिहास सांगतो. जमशेटजींच्याच स्वप्नातून साकारलेल्या जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी आला. तरीही १९२८ मध्ये कामगारकपातीच्या भीतीने तेथे दीर्घ संप झाला. तो मिटविण्यासाठी सुभाषचंद्र बोस यांना मध्यस्थी करावी लागली. उपजीविकेची शाश्वती डळमळली की रुग्णालय आणि शाळा यांनी मिळविलेला विश्वासही डळमळतो.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. केवळ आपल्याच कर्मचाऱ्यांच्या हितासाठी केलेला खर्च तीत धरला जात नाही. म्हणजेच कामगारांविषयीचे कर्तव्य या दानाहून वेगळे आणि आधीचे आहे.

आपल्या समाजात अनेक कुटुंबे पेढी, दुकान वा कारखाना चालवितात. बाहेर दिलेल्या देणगीची पाटी गाव वाचते. पण पेढीवरील माणसे मालकाचा रोजचा व्यवहार वाचतात. त्यांची निष्ठा त्या व्यवहारावरच उभी राहते.