मेळघाटात प्रायमरी नाही, तिकीट आहे: राजकुमार पटेल यांच्या निवडणुका

अमेरिकेत आमदारकी लढवायची तर आधी आपल्याच पक्षातल्या माणसाला मतपेटीतून हरवावं लागतं. या पक्षांतर्गत निवडणुकीला तिकडे प्रायमरी म्हणतात. २०२५ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेले जोहरान ममदानी पहिल्यांदा आमदार झाले ते याच वाटेने. जून २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत त्यांनी विद्यमान आमदार अरावेला सिमोटास यांना काही शे मतांनी मागे टाकलं. निकाल पक्षाच्या कार्यालयात नाही, साध्या मतदारांच्या हाती लागला.

आपल्याकडे ही पायरीच नाही. उमेदवार कोण, हे मुंबई-दिल्लीत ठरतं आणि युती असेल तर कोणती जागा कुणाला सुटली यावर ठरतं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांचा मेळघाट विधानसभा मतदारसंघ (क्रमांक ४१) हे त्याचं ठळक उदाहरण आहे, आणि त्यातलं सर्वांत बोलकं नाव राजकुमार दयाराम पटेल यांचं.

पटेल कोरकू समाजातले. १९९९ आणि २००४ मध्ये ते भाजपच्या तिकिटावर निवडून आले. २००९ ला काँग्रेसच्या केवलराम काळे यांनी त्यांना पाडलं. २०१४ ला पटेल राष्ट्रवादीकडून उभे राहिले, तेव्हा भाजपच्या प्रभुदास भिलावेकर यांनी थोडक्या मतांनी बाजी मारली. लागोपाठ दोन पराभव पचवून पुन्हा मैदानात उतरणारे फार नसतात. तरी २०१९ ला पटेल तिसऱ्या झेंड्याखाली आले, बच्चू कडू यांच्या प्रहार जनशक्ती पक्षाकडून.

ती निवडणूक नीट पाहण्यासारखी आहे. भाजपने आपले विद्यमान आमदार भिलावेकर यांना बाजूला ठेवून रमेश मावस्कर यांना तिकीट दिलं. राष्ट्रवादीने एकेकाळचे काँग्रेसचे आमदार केवलराम काळे यांना उभं केलं. मोठ्या पक्षांनी आपापला हिशेब वर बसून मांडला आणि मतदारांनी खाली वेगळाच मांडला. २४ ऑक्टोबर २०१९ ला मतमोजणी झाली तेव्हा पटेलांना ८४,५६९ मतं होती, मावस्करांना ४३,२०७. म्हणजे जवळपास दुप्पट. त्या वर्षी राज्यात प्रहारचे दोनच आमदार झाले, अचलपूरला स्वतः कडू आणि मेळघाटात पटेल. आमच्या मते ही निवडणूक पटेलांसाठी प्रायमरीसारखीच ठरली. फरक एवढाच की ती सरळ अंतिम फेरीत झाली.

मेळघाटात प्रचार करणं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगावं लागेल. धारणी ते अमरावती हा सेमाडोह-परतवाड्याचा घाटरस्ता दीडशे किलोमीटरच्या आसपास. गावं जंगलात विखुरलेली, बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. सभा-रॅलीपेक्षा आठवडी बाजार कामाला येतो, दिवाळीनंतरचे थाट्या बाजार तर जास्तच. कोरकूत दोन वाक्यं बोलता येणं इथे मोठ्या फ्लेक्सपेक्षा भारी पडतं. आणि प्रश्न जुनेच आहेत: कुपोषण, रस्ता, वीज, हातांना काम नाही म्हणून होणारं स्थलांतर. २०२४ च्या लोकसभेला मेळघाटातल्या काही गावांनी सोयी नाहीत म्हणून मतदानावरच बहिष्कार टाकला होता.

जून २०२२ मध्ये प्रहारचे दोन्ही आमदार एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पटेलांनी प्रहार सोडून शिंदेंच्या शिवसेनेत जाण्याचा निर्णय जाहीर केला. पण महायुतीत मेळघाटची जागा भाजपकडे गेली, आणि भाजपचे उमेदवार ठरले केवलराम काळे, हो, तेच काळे. पटेल परत प्रहारकडून उभे राहिले. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, मतदान २० नोव्हेंबर. पाच वर्षं आमदार असलेल्या माणसाला लोकांसमोर जाऊन आपण नक्की कुठल्या बाजूला आहोत हे सांगायलाच तीन आठवडे मिळाले. काळे एक लाखाहून जास्त मताधिक्याने निवडून आले, काँग्रेसचे डॉ. हेमंत चिमोटे दुसरे आले, पटेल तिसऱ्या क्रमांकावर गेले. अचलपूरला कडूही पडले.

हा पराभव फक्त पक्ष बदलल्यामुळे झाला असं आम्ही म्हणणार नाही. राज्यभर महायुतीची लाट होती. पण २०१९ ला ज्यांनी पक्ष न बघता माणूस बघून मत दिलं, त्यांना २०२४ च्या ऑक्टोबरात कुणी काही विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

आता आपल्या वाचकांचा प्रश्न. मेळघाट अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे, मग धारणीतल्या मुसलमानांचा यात वाटा काय? दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली, अनुसूचित जातीच्या दाखल्याला धर्माची अट आहे, जमातीच्या दाखल्याला नाही. खानदेश-बुलढाण्याकडच्या तडवी भिल्ल समाजात बहुसंख्य मुसलमान आहेत आणि ते अनुसूचित जमातीत मोडतात. राज्यात कुठेही मतदार असलेला या प्रवर्गातला माणूस मेळघाटात उभा राहू शकतो. दुसरी, उमेदवाराचा सूचक व्हायला जमातीची अट नाही. मतदारसंघातला कोणताही मतदार सूचक म्हणून सही करू शकतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा प्रहारसारख्या नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराची अनामत रक्कम ५ हजार रुपये, आणि २०२४ ला विधानसभेची खर्चमर्यादा ४० लाख होती.

म्हणजे बाहेरून आव्हान देणाऱ्याला पहिल्याच दिवशी दहा माणसांच्या दारात जावं लागतं. धारणीच्या बाजारपेठेतल्या आपल्या दुकानदारांची, कारागिरांची मतं शेवटच्या आठवड्यात सगळेच मागतात. सही मागायला मात्र अर्जाच्या आधी यावं लागतं, आणि अटी घालायची वेळ तीच असते.